सर्व्हर काय म्हणतो ते पाहण्याची पंचवीस वर्षे

सेल्सफोर्सने फेब्रुवारी २००० मध्ये आणि ईबेने त्याच वर्षी नोव्हेंबरात आपापले एपीआय बाहेरच्या डेव्हलपरांसाठी खुले केले. ॲमेझॉन २००२ मध्ये आले, फ्लिकर २००४ मध्ये, गूगल मॅप्स २००५ मध्ये. प्रत्येकाने सोबत डॉक्युमेंटेशन दिले. पण डॉक्युमेंटेशन म्हणजे कंपनीने दिलेला शब्द. सर्व्हर तो शब्द पाळतो की नाही, हे कळायला आधी कोड लिहावा लागे, आणि कोड चालला नाही तर चूक आपली की त्यांची, हा घोळ वेगळाच. आज ब्राउझरमध्ये एक पान उघडून, दोन रकाने भरून, बटण दाबले की सर्व्हरचे खरेखुरे उत्तर समोर येते. या बदलाचा इतिहास बहुतेक वेळा सोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: वेळ वाचला, काम सोपे झाले. ते खरे आहे, पण मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कागदावरचा दावा आणि प्रत्यक्ष उत्तर यांतली तफावत बाहेरच्या कोणालाही स्वतः तपासता येऊ लागली. ही ताकद सेवा देणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे आली. या साधनांचा हिशेब मांडायचा तर ती ताकद कधी वाढली आणि कधी हातातून निसटू लागली, यावरच मांडायला हवा.

सुरुवात कर्लपासून करावी लागते. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला आयआरसीवरच्या एका बॉटसाठी चलनांचे दर वेबवरून आणायचे होते. त्यासाठी त्याने ब्राझीलच्या राफाएल सागुलाचा एक लहानसा प्रोग्राम घेतला आणि वाढवत नेला. २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ या नावाने बाहेर पडला. त्याला ना खिडकी, ना बटण. पण कमांडला ‘-व्ही’ जोडले की आपण पाठवलेली प्रत्येक हेडर ओळ एका दिशेच्या बाणाने आणि सर्व्हरकडून आलेली प्रत्येक ओळ उलट्या बाणाने छापली जाते. मधे कोणी दुभाष्या नाही, लायब्ररी नाही, फ्रेमवर्क नाही. वाद मिटवायला याहून चोख पुरावा नव्हता आणि आजही नाही. एपीआय करून पाहण्याच्या स्वॅगर या साधनाच्या पानावर उत्तराच्या वर तीच रिक्वेस्ट कर्लच्या भाषेत लिहून दाखवली जाते, क्रोममध्ये कोणतीही रिक्वेस्ट कर्ल कमांड म्हणून कॉपी करता येते, पोस्टमन हे रिक्वेस्ट पाठवण्याचे साधन कर्लची ओळ चिकटवली की ती समजून घेते. इतक्या साधनांना आपसांत बोलण्यासाठी शेवटी हीच बोली उपयोगी पडते, याचे कारण ती कोणा एका सेवेची नाही आणि साध्या मजकुराची आहे.

त्याच काळात सोप आणि डब्ल्यूएसडीएलची दुनिया उभी राहिली. आज तिची आठवण जडजंबाल एक्सएमएलसाठीच काढली जाते, आणि हा अन्याय आहे. सेवेचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा फाइलीत, म्हणजे डब्ल्यूएसडीएलमध्ये, ठेवायचे आणि त्या फाइलीवरून चाचणीचे पान आपोआप तयार करायचे, ही कल्पना तिथे पूर्ण रूपात होती. २००२ च्या मायक्रोसॉफ्ट डॉटनेटमध्ये सेवेची ‘.एएसएमएक्स’ फाइल ब्राउझरात उघडली की मेथडची यादी दिसे. एकीवर क्लिक केले की प्रत्येक पॅरामीटरसाठी एक रकाना आणि खाली ‘इन्व्होक’ बटण. पुढल्याच १.१ या आवृत्तीत हे पान मूळ सेटिंगमध्ये फक्त त्याच मशीनवरून चालेल असे केले गेले. करून पाहण्याची सोय आणि सुरक्षितता यांची ओढाताण तेव्हापासूनची आहे. २००५ मध्ये ओले लेन्समारचे सोपयूआय आले. डब्ल्यूएसडीएल दिले की ते सगळ्या रिक्वेस्टचे नमुने स्वतः तयार करून देई. टेस्टिंगच्या टीमना एपीआय स्वतंत्रपणे तपासण्याचे साधन यातून मिळाले.

रेस्टच्या लाटेत ही जमेची बाजू काही वर्षे हरवली. यूआरएल सुटसुटीत झाले, जेसन आले, पण वर्णनाची फाइल गेली. पुन्हा एचटीएमएलची पाने वाचा, पुन्हा अंदाज बांधा. काही कंपन्यांनी स्वतःपुरता मार्ग काढला. फ्लिकरने प्रत्येक मेथडच्या पानाखाली एक्सप्लोररची, म्हणजे ब्राउझरातच रिक्वेस्ट करून पाहण्याच्या पानाची, लिंक दिली, फेसबुकने ग्राफ एपीआय एक्सप्लोरर आणला, गूगलने २०११ मध्ये आपल्या अनेक एपीआयांसाठी एकच एक्सप्लोरर काढला. पण ही प्रत्येकाची आपापली घरची व्यवस्था होती. सर्वांना वापरता येईल असे उत्तर वर्डनिक या शब्दकोशाच्या साइटवर काम करणाऱ्या टोनी टॅमच्या टीमकडून आले, ते म्हणजे स्वॅगर. निळ्या पट्टीत गेट, हिरव्यात पोस्ट, नारिंगीत पुट, लाल पट्टीत डिलीट. पट्टी उघडायची, ‘ट्राय इट आउट’ दाबायचे, रकाने भरायचे, ‘एक्झिक्यूट’ करायचे. खाली स्टेटस कोड, हेडर आणि उत्तर. हे चित्र आता इतके ओळखीचे झाले आहे की त्यामागची फाइल विसरली जाते. खरी कामगिरी त्या फाइलीची आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली, २०१६ पासून तिचे नाव ओपनएपीआय झाले आणि ती कोणा एका कंपनीची राहिली नाही. पानाचे रंगरूप कोणीही बदलू शकते. वर्णन सर्वांचे असणे, हे जास्त मोलाचे.

पण सेवा देणाऱ्याने लिहिलेले वर्णन ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पोस्टमनने उभी केली, आणि या पंचवीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल मी यालाच म्हणेन. अभिनव अस्थानाने २०१२ मध्ये हे क्रोमचे एक्स्टेन्शन म्हणून लिहिले. २०१४ मध्ये अंकित सोबती आणि अभिजित काणे यांच्यासह बंगळुरूत कंपनी उभी राहिली. पोस्टमनला वर्णनाची फाइल लागत नव्हती. डेव्हलपर पत्ता टाकून रिक्वेस्ट पाठवी, चालली की ‘कलेक्शन’मध्ये ठेवी. दिवस जातील तसे त्या कलेक्शनमध्ये सर्व्हर खरोखर कसा वागतो याची नोंद साठत जाई, आणि ही नोंद वापरणाऱ्याच्या बाजूने केलेली असे. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘४०४’ लिहिले आहे आणि प्रत्यक्षात रिकाम्या यादीसह ‘२००’ येते, असला बारीकसारीक अनुभव तिथे जपला जाई. पुण्यात बसून कॅलिफोर्नियातल्या सेवेशी जोडणी करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेबारा ते साडेतेरा तासांचे अंतर असते, म्हणजे एका शंकेपायी अख्खा दिवस जातो. हातात रिक्वेस्ट आणि उत्तर दोन्ही असतील तर ‘चालत नाही’ अशा मोघम तक्रारीऐवजी पुरावा पाठवता येतो आणि समोरच्याला उडवाउडवी करता येत नाही. जो सेवा देणाऱ्यापासून लांब, ज्याची त्या कंपनीत ओळख नाही, त्याला या साधनांनी सर्वांत जास्त बळ दिले.

वर्णनाच्या फाइलीवर एक जुना तात्त्विक आक्षेप आहे. रेस्टची मांडणी करणाऱ्या रॉय फील्डिंगच्या मते खऱ्या रेस्ट एपीआयला अशा बाहेरच्या वर्णनाची गरजच पडू नये. प्रत्येक उत्तरातच पुढच्या वाटा लिंकच्या रूपाने असाव्यात आणि क्लायंटने त्या धरून पुढे जावे. कल्पना सुंदर आहे. पण बहुतेक एपीआय तसे लिहिले गेले नाहीत, आणि ज्याला उद्या जोडणी करून द्यायची आहे त्याला आदर्शाची वाट पाहत बसता येत नाही. त्या कल्पनेतला गाभा वेगळ्या वाटेने ग्राफक्यूएलमध्ये आला. फेसबुकने २०१५ मध्ये ते खुले केले, सोबत ग्राफिक्यूएल हा एक्सप्लोरर आला. तिथे सर्व्हर स्वतःच आपल्या फील्डची माहिती देतो आणि लिहिता लिहिता पुढचे पर्याय सुचवले जातात. वर्णन वेगळ्या फाइलीत शिळे पडण्याचा प्रश्न तिथे बराच सुटतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. लोक वाचेनासे झाले, बटण दाबून ‘२००’ दिसले की काम झाले असे समजू लागले, असे अनेक अनुभवी मंडळी म्हणतात. रेझरपे या पेमेंट सेवेचे उदाहरण घ्या. ऑर्डर तयार करताना रक्कम पैशांत द्यायची असते. पाचशे रुपयांसाठी कोणी ५०० पाठवले तर सर्व्हर ते बिनतक्रार घेतो आणि उत्तरातही ५०० च परत देतो. एक्सप्लोररमध्ये सगळे आलबेल दिसते, ऑर्डर मात्र पाच रुपयांची झालेली असते. फील्डचा आकार आणि प्रकार यंत्र सांगू शकते, त्याचा अर्थ माणसाने लिहिलेल्या वाक्यातूनच कळतो. कोडमधून आपोआप काढलेल्या वर्णनात ही वाक्ये हमखास गळतात. हा दोष खरा आहे. पण त्याचे खापर करून पाहण्यावर फोडणे मला पटत नाही. आधी लोक काळजीपूर्वक वाचत होते म्हणून चुका कमी होत, असे मानायला काही आधार नाही. उलट ही साधने चुकीची रिक्वेस्ट मुद्दाम पाठवणेही तितकेच सोपे करतात: टोकन काढून टाका, तारीख उलटी लिहा, तीच रिक्वेस्ट दोनदा पाठवा. डॉक्युमेंटेशनमध्ये अपयशाबद्दल सर्वांत कमी लिहिलेले असते आणि प्रॉडक्शनमध्ये नेमके तिथेच अडते. एक्सप्लोरर नीट वापरायचा तर अपयश पाहण्यासाठी वापरावा.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. एपीआय असा उघडा मांडला की हल्लेखोरालाही नकाशा मिळतो, म्हणून कित्येक ठिकाणी प्रॉडक्शनमध्ये स्वॅगरचे पान आणि ग्राफक्यूएलची आपल्या फील्डची माहिती देण्याची सोय बंद ठेवतात. अंतर्गत सेवांसाठी ते योग्यच आहे. पण लपवले म्हणजे सुरक्षित झाले, हा भरवसा फोल आहे. गूगल मॅप्सचा अधिकृत एपीआय येण्याआधीच पॉल रॅडमाखरने त्याची जावास्क्रिप्ट उकलून २००५ मध्ये हाउसिंगमॅप्स ही साइट उभी केली होती. ज्याला शोधायचे आहे तो शोधतोच, पान बंद केल्याने अडतो तो प्रामाणिक वापरणारा. दिसण्याचा फायदा किती असू शकतो हे फेसबुकने, न ठरवता, दाखवले. ग्राफ एपीआय एक्सप्लोररमध्ये टोकन घेताना परवानग्यांची यादी उघडे, आणि त्यात मित्रांच्या माहितीसाठी एक वेगळा विभागच होता. माझ्या एका होकारावर माझ्या मित्रांची माहिती तिसऱ्याच्या हाती जाते, हे त्या रकान्यांत उघड लिहिलेले होते. ती सोय ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाली आणि याच वाटेने माहिती गोळा केल्याचे केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण २०१८ मध्ये जगभर गाजले. पडद्यावर सत्य होते, पण ते पाहणाऱ्या डेव्हलपरांपैकी फार थोड्यांना त्यात काही वावगे वाटले. ही साधने दाखवतात, न्याय करत नाहीत, ही त्यांची मर्यादा इथे स्पष्ट होते.

आता २०२३. ते वर्ष मी या मागोव्यातले वळण मानतो. पोस्टमनमध्ये लॉगिन न करता काम करण्याची ‘स्क्रॅच पॅड’ नावाची सोय होती, ती बंद होणार असल्याचे मे महिन्यात जाहीर झाले. लॉगिन नसेल तर उरला तो हलका क्लायंट, ज्यात रिक्वेस्ट पाठवता येतात, कलेक्शन ठेवता येत नाहीत. सप्टेंबरात इन्सोम्निया या पोस्टमनसारख्याच साधनाच्या ८.० आवृत्तीने खाते उघडणे सक्तीचे केले आणि वापरणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की पुढच्या आवृत्त्यांत स्थानिक साठवण परत आणावी लागली. कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. टीमने एकत्र काम करायचे तर सर्वांना एकच कलेक्शन दिसले पाहिजे, आणि फुकट साधनाला कुठून तरी पैसे उभे करावेच लागतात. पण कलेक्शन ही वापरणाऱ्याने स्वतः जमवलेली नोंद होती, आणि त्यात टोकन, अंतर्गत पत्ते, ग्राहकांचा नमुना डेटा सगळेच असते. ती नोंद दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवणे हा एक पर्याय असायला हरकत नव्हती, अट असायला होती. धोकाही काल्पनिक नव्हता. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दाखवून दिले की पोस्टमनची तीस हजारांहून जास्त वर्कस्पेस सार्वजनिक होती आणि त्यांतून एपीआय की व टोकन बाहेर दिसत होती. चूक वापरणाऱ्यांची होती हे मान्य. तरीही एका चुकीच्या क्लिकने गुपित जगजाहीर होईल अशी जागा हीच नेहमीची जागा करून ठेवणे, ही रचनेचीच चूक आहे.

या वळणावर लोकांनी दिलेले उत्तर मला आश्वासक वाटते. अनूप एम. डी. यांचे ब्रुनो प्रत्येक रिक्वेस्ट साध्या मजकुराच्या फाइलीत, आपल्याच फोल्डरमध्ये ठेवते. ती फाइल कोडशेजारी गिटमध्ये राहते, तिचा इतिहास दिसतो, कोणी काय बदलले ते कळते. टीमने एकत्र काम करण्याचा प्रश्न गिटने आधीच सोडवलेला होता, त्यासाठी वेगळे खाते लागत नव्हते. केरळच्या लियास थॉमसने २०१९ मध्ये सुरू केलेले हॉपस्कॉच ओपन सोर्स आहे आणि कंपनी ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते. कर्लचा मजकूर, ओपनएपीआयची फाइल आणि ब्रुनोचे फोल्डर एकाच जातीचे आहेत: साधन बदलले तरी हातातली नोंद हातातच राहते.

आपल्याकडे सार्वजनिक सेवांचे एपीआय वाढत आहेत. केंद्र सरकारचे ओपन एपीआय धोरण २०१५ चे आहे, एपीआय सेतूसारखे मंच उभे राहिले आहेत. आधारच्या पडताळणी एपीआयचे वर्णन पीडीएफमध्ये देण्यात आले, पण सोबत चाचणीचा सर्व्हर आणि चाचणीचे क्रमांकही मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. जिथे अजून नुसत्या पीडीएफवर भागवले जाते त्या प्रत्येक खात्याकडे, आणि महाराष्ट्र व गोव्याच्या शासनांकडेही, तीन मागण्या आहेत: ओपनएपीआयची फाइल नोंदणीविना डाउनलोड करता यावी, खोटा डेटा असलेला चाचणीचा सर्व्हर सर्वांना उघडा असावा, आणि चुकीच्या रिक्वेस्टला कोणते उत्तर मिळते तेही त्या फाइलीत लिहिलेले असावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.