घरचा स्टुडिओ : पाच डेसिबल की वीस?

आज ऑडिओ इंटरफेसची पाळी होती. तो पुढच्या आठवड्यात घेऊ, कारण नांदुऱ्याच्या एका वाचकांनी विचारलेल्या प्रश्नाला अख्खा लेख द्यायला हवा. ते घरी अभंग रेकॉर्ड करतात. ऑडिओ-टेक्निका एटी 2020 चा सेल्फ नॉईज 20 डेसिबल आणि रोड एनटी 1-ए चा फक्त 5, असं त्यांनी वाचलं. मग उसनवारी करून महागडाच माईक घ्यावा का?

नको. आधी कूलरकडे बघा.

समोर पूर्ण शांतता असतानाही माईकच्या आतून जी बारीक सळसळ येते, तो त्याचा सेल्फ नॉईज. घाटाखाली मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण तो बंद केला, रात्र झाली, दारं-खिडक्या लावली, तरी साध्या खोलीत 35 डेसिबल आवाज धरावाच लागतो. डेसिबलची बेरीज सरळ होत नाही. 35 च्या खोलीत 20 चा माईक ठेवला तर एकूण 35.14 होतात, 5 चा ठेवला तर 35.00. एवढा फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही आणि पैसे मात्र त्याच्याचसाठी मोजायचे!

उलट तोंड आणि माईक यांतलं अंतर दोन वितींवरून एक वीत करा. गळ्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा आहे तेवढाच राहतो. ही कमाई फुकटची आहे. मात्र वितीच्याही आत शिरू नका. आवाज घुमायला लागतो आणि 'प', 'भ' माईकवर आदळतात. हे दोन्ही माईक कार्डिऑइड आहेत, म्हणजे पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतात. म्हणून माईकची पाठ खिडकीकडे करा आणि गाणाऱ्याच्या मागे गोधडी टांगा. पत्र्याच्या आणि सिमेंटच्या घरात भिंतीवरून परतणारा आवाज ती बराच शोषून घेते.

तुमच्या खोलीचा निकाल तुम्हीच लावू शकता. मित्राचा माईक आणा. कूलर चालू ठेवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, मग सगळं बंद करून तेच करा. गेनला हात लावू नका. दुसऱ्या वेळी पातळी खाली आली, तर आधीचा गोंगाट खोलीचा होता. रात्री सगळं निजानीज झाल्यावर, गोधड्यांच्या आडोशालाही सळसळ तशीच राहिली, तरच माईककडे किंवा प्रीअँपकडे बोट दाखवा. घाटावर बुलडाण्याकडे एखाद्या निवांत खोलीत कुणी नुसती एकतारी रेकॉर्ड करत असेल, तर त्याला 5 चा माईक जरूर उपयोगी पडेल.

आणि लाईन गेली की हळहळू नका. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल, तर माईकला लागणारे 48 व्होल्ट लॅपटॉपच्या बॅटरीतूनच मिळतात. गल्लीतले कूलर, शेजारची पिठाची गिरणी, सगळं थांबलेलं असतं. अवघड अंतरा तेवढ्यात उरकून घ्या. असा इंटरफेस कसा ओळखायचा, ते पुढच्या लेखात.