नळी बदलली की हत्यार बदलतं

सिंधुदुर्गात परवान्याची बंदूक म्हटली की ती बहुधा शेतीसंरक्षणाची. माकडं, रानडुकरं, गवे बागायतीत आणि भातात उतरतात, म्हणून वाडीवाडीत एखादी तरी बंदूक असते. बहुतेक वेळा ती वडिलांकडून आलेली किंवा वापरलेली घेतलेली. तिच्यासोबत ऐकीव समजही येतात आणि परदेशी व्हिडिओंनी त्यांत भर घातली आहे. त्यातले काही समज थेट जिवावर बेतणारे आहेत.

‘हत्यार माझं, परवाना माझा, मग नळी कोणतीही बसवीन,’ हा पहिला. अमेरिकेत कायद्याच्या लेखी पिस्तुलाचा सांगाडा म्हणजे हत्यार. नळी हा सुटा भाग म्हणून विकत मिळतो. तिथे .40 बोअरच्या काही पिस्तुलांत नुसती नळी बदलून .357 सिगचं काडतूस वापरतात, कारण ते काडतूस .40 वरूनच तयार केलेलं आहे. आपल्या 1959च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात. म्हणजे नुसती नळी विकत घेतली तरी ती परवान्याबाहेरचं शस्त्र ठरू शकते. शिवाय 2019च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय एका प्रकारच्या बंदुकीचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

ठासणीची बंदूक काडतुसी करून देणारा कोणी भेटला, तर हे आधी आठवावं. ठासणीनं भागत नसेल तर त्याची वाट कायद्यातच आहे: पिकाच्या रक्षणाला ती पुरेशी नाही अशी खात्री पटली, तर परवाना अधिकारी गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देऊ शकतात. त्यासाठी रीतसर अर्ज करावा.

‘नळी खाचेत बसली म्हणजे जुळली,’ असंही म्हणतात. .32 बोअरच्या बऱ्याच पिस्तुलांत बार उडताना नळीचं मागचं तोंड फक्त सरकत्या भागाच्या वजनानं आणि स्प्रिंगच्या जोरावर मिटलेलं राहतं. अमेरिकी मानकानुसार .32 काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला 20,500 पौंड, तर 9 मिमीचा 35,000. 9 मिमीची नळी बसवून अशा हलक्या पिस्तुलात एवढा दाब आला तर तोंड वेळेआधी उघडतं, काडतुसाची पितळी भिंत आधाराविना फाटते आणि तापलेला वायू हाताकडे, डोळ्यांकडे येतो. त्यातून 9 मिमी हे आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे.

सगळ्यात घातक समज मात्र काडतुसी बंदुकीबद्दलचा: ‘लहान काडतूस मोठ्या नळीत घातलं तर फार तर उडणार नाही.’ 20 बोअरचं काडतूस 12 बोअरच्या नळीत घातलं की ते घरंगळत पुढे जातं आणि काडतुसाचं घर संपून नळी अरुंद होते तिथे अडकतं. मागून नळी रिकामीच दिसते. घाईत, अंधारात, डुक्कर समोर असताना माणूस त्यामागे 12चं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते ती नेमकी आधाराच्या हाताजवळ. या अपघातांमुळेच 20 बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नयेत. जुन्या 12 बोअर बंदुकांत आणखी एक फरक असतो: काहींचं काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं, तर आजची बरीच काडतुसं 70 मिलिमीटरची. काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो.

‘वरून तेल पुसलं की झालं,’ हे मालवणच्या खाऱ्या हवेत तर अजिबात चालत नाही. काळ्या दारूची काजळी क्षारयुक्त असते, हवेतलं पाणी ओढते आणि आतून गंज धरवते. तेलानं ती जात नाही, गरम पाण्यानं निघते. नंतर नळी पूर्ण वाळवून मग तेल. वापरलेली बंदूक घेताना नळीच्या आत गंजाचे खड्डे दिसले, तर ती घेऊ नये.

विकणाऱ्यानं आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं आणि घेणाऱ्याकडे परवाना असावाच लागतो. तेवढ्या दिवसांत परवानाधारक कारागिराकडून बोअर, काडतुसाच्या घराची लांबी आणि नळी तपासून घ्या.