शाळा निवडताना (लेखांक 6) : तपासणी होते, पण कशाची?

मागच्या लेखात फीवाढ आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती यांबद्दल लिहिलं होतं. खरं तर त्याच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे. खाजगी शाळा चांगली की सुमार, हे सरकारचा कोणी माणूस येऊन बघतो का?

बघतो. मुंबईच्या उपनगरात खाजगी शाळांचे प्राथमिक वर्ग महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, तर माध्यमिक वर्ग राज्याच्या शिक्षण निरीक्षकांच्या. अंधेरी-बोरिवलीच्या शाळांच्या फायली जोगेश्वरीच्या पश्चिम विभाग कार्यालयात असतात, घाटकोपर-मुलुंडच्या चेंबूरच्या उत्तर विभागात. ‘आमचं केंद्रीय बोर्ड, राज्याचा आमच्याशी संबंध नाही’ असं प्रवेशाच्या काउंटरवर बेधडक सांगितलं जातं. ते खोटं आहे. सीबीएसई असो वा आयसीएसई, राज्याला विचारल्यावाचून शाळेला संलग्नता मिळत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 18 सांगतं की मान्यता प्रमाणपत्र नसेल तर शाळा चालवता येणार नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला 10 हजारांपर्यंत. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनुसार शाळा नमुना 1 मध्ये स्वतःची माहिती घोषित करते, अधिकारी येऊन पाहणी करतात आणि निकष पुरे होत असतील तर नमुना 2 मधलं प्रमाणपत्र देतात. त्याची मुदत तीन वर्षांची.

आता हे निकष बघा. बारमाही टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, रॅम्प, ग्रंथालय, मैदान, कुंपण. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं. सहावी ते आठवी 220 दिवस, 1000 तास. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक. पहिली ते पाचवीचा पट दोनशेच्या वर गेला की हे प्रमाण 40 पर्यंत चालतं. माहितीपत्रकातली ‘छोट्या वर्गां’ची जाहिरात वाचताना हा आकडा लक्षात असू द्या. मैदानाचं तर विचारूच नका. अंधेरीत जमिनीचा भाव असा की शाळा दोन विंगांच्या मध्ये उभी, आणि मैदान म्हणून दाखवलं जातं ते पार्किंग नाहीतर गच्ची.

यातलं बहुतेक सगळं मोजता येतं, टेप लावून नाहीतर रजिस्टर उघडून. म्हणूनच तपासणीच्या दिवसाचा मोठा भाग दप्तरातच जातो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शिक्षकांची पात्रता प्रमाणपत्रं, सेवापुस्तकं, अग्निशमनाचे दाखले. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर सीसीटीव्ही बंधनकारक झाले आणि 2022 मध्येच शासन निर्णयाने आलेल्या, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीची सगळ्यांना नव्याने आठवण झाली. वर्गातला एखादा पाठही पाहिला जातो. पण तारीख आधी कळलेली असली की आठवडाभर टाचणं पूर्ण करण्याची धावपळ चालते आणि तक्ते नवे लागतात. अशा दिवशी पाहिलेल्या पाठावरून एरवीचं शिकवणं कळेल, असं मला वाटत नाही.

मुलांना काय येतं हे थेट तपासायची रीत एके काळी होती. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर तपासनीस आले, आणि मुंबई इलाख्यात मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरू लागलं. घोकंपट्टी बोकाळली, आणि ती पद्धत मागे पडली. आता दुसरं टोक गाठलंय. 2015 पासूनच्या शाळासिद्धी या शाळा-मूल्यांकन कार्यक्रमात 7 क्षेत्रं आणि 46 मानकं. त्यानंतर आलेल्या राज्याच्या गुणवत्ता आराखड्यात 128 मानकं. आराखडा विचारपूर्वक केलेला आहे, पण सुरुवात स्वयंमूल्यांकनाने होते. म्हणजे आपलं प्रगतिपुस्तक आपणच भरायचं. डिसेंबर 2024 मध्ये तिसरी, सहावी, नववीच्या मुलांना काय येतं हे पाहणारं देशपातळीवरचं परख सर्वेक्षण झालं, त्यात खाजगी शाळाही होत्या. पण त्याचा निकाल जिल्ह्याचा लागतो, तुमच्या शाळेचा नाही.

दुबईला नोकरी करून परतलेल्या पालकांना याचं नवल वाटतं. तिथे 2008 पासून खाजगी शाळांत पथकं जाऊ लागली. वर्गात बसून पाहणी करायची, शाळेला श्रेणी द्यायची आणि अहवाल जाहीर करायचा, अशी पद्धत. फीवाढ किती करता येईल हेही त्या श्रेणीशी जोडलेलं होतं. एका शब्दाच्या शेऱ्याचे तोटे आहेतच. इंग्लंडने सरकारी शाळांसाठी असा एकशब्दी शेरा सप्टेंबर 2024 पासून बंद केला. तरीही अहवाल पालकांना वाचायला मिळणं ही गोष्ट आपल्याकडे उद्यापासून करता येण्यासारखी आहे. त्याला नवा कायदा नको.

तोवर आपण काय करायचं? नमुना 2 ची प्रत मागा. त्यावरचा पत्ता शाळेचाच आहे ना, मुदत कधी संपते आणि मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, हे तपासा. आठवीपर्यंतच परवानगी असलेली शाळा नववीचे वर्ग भरवते आणि दहावीचा फॉर्म दुसऱ्याच शाळेतून भरला जातो, हे फार उशिरा कळतं. आग प्रतिबंधक यंत्रणेचा ‘बी’ फॉर्म दर जानेवारी आणि जुलैला लागतो. ताजा आहे का, विचारा. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीकोशातला 11 आकडी क्रमांक घेऊन शाळेने स्वतः भरलेली पटसंख्या आणि शिक्षकसंख्या ताडून बघा.

शाळेने टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात त्या त्या कार्यालयात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. विनाअनुदानित शाळा स्वतः माहिती द्यायला नकार देईल, पण कार्यालयाकडे असलेला कागद मागता येतो. मागताना ‘गेल्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल आणि त्रुटीपूर्तता अहवाल’ असं दोन्ही लिहा. तीच त्रुटी दर वेळी दिसत असेल, तर ती शाळा मी तरी सोडून देईन.

अर्ज फीचा पहिला हप्ता भरण्याआधी टाका. नर्सरीसाठी मात्र यातलं फारसं उपयोगी नाही; कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा आहे. तळमजल्यावरच्या फ्लॅटमधल्या बालवाड्यांबद्दल पुढच्या आठवड्यात.