गळक्या मेंब्रेनचं औषध

‘घरच्या आरओचं मेंब्रेन बदलायलाच हवं का? धुऊन किंवा दुरुस्त करून पुन्हा वापरता येत नाही का?’ असं वाचक नेहमी विचारतात. ते कशानं बिघडलं यावर उत्तर ठरतं, आणि याचा अंदाज पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवर येतो. धार बारीक झाली, पण टीडीएस पूर्वीइतकाच असेल, तर बहुधा क्षार किंवा जिवाणूंचा बुळबुळीत थर साचला आहे. तो बराचसा धुता येतो. धार मोठी झाली आणि टीडीएसही चढला, तर बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मेंब्रेन खाल्लं आहे. आधीचं कार्बन फिल्टर वेळेवर बदललं नाही की हे घडतं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रचंड प्रकल्पांचंही दुखणं हेच दोन प्रकारचं असतं.

मेंब्रेनमधला मीठ अडवणारा खरा थर जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रॉन जाडीचा असतो. खालचं सगळं नुसतं आधारासाठी. अमेरिकेत मिनियापोलिसच्या जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात तो घडवला. पाण्यात विरघळलेलं एक रसायन आणि तेलकट द्रावकातलं दुसरं जिथे भेटतात, तिथे दुधावर साय धरावी तसा पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. एकदा धरला की दोन्ही रसायनांची वाट तोच अडवतो, त्यामुळे जाड होतच नाही. मला तरी रसायनशास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पण या पापुद्र्याला क्लोरीन सोसत नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात तो २०० ते १,००० तासांत ढासळू लागतो, आणि पाण्यात लोह असेल तर आणखी लवकर. म्हणून प्रकल्पांत आधी क्लोरीन घालून जिवाणू मारतात आणि मेंब्रेनच्या तोंडाशी बायसल्फाइट घालून तेच क्लोरीन काढून टाकतात. वाचलेल्या जिवाणूंना तिथे रान मोकळं मिळतं, शिवाय मेलेल्यांचे अवशेष खायला मिळतात. थर पुन्हा वाढतो, पुन्हा धुलाई. ही धुलाई सहसा आधी अल्कलीनं आणि मग आम्लानं करतात. आम्ल आधी गेलं तर सेंद्रिय मळ आणि सिलिका अधिकच घट्ट बसू शकतात. निव्वळ चुन्याचा थर असेल तरच आम्ल पहिलं. प्रवाह दहा टक्क्यांनी घटला की लगेच धुवावं, हे मेंब्रेन बनवणारेच सांगतात. दिरंगाई झाली की थर निघत नाही.

क्लोरीनची इजा मात्र एका टप्प्यानंतर धुतली जात नाही. क्लोरीन आधी पॉलिअमाइडमधल्या नायट्रोजनला चिकटतं. या टप्प्यावर अल्कलीनं ते बरंचसं परतवता येतं. नंतर ते शेजारच्या बेंझीनच्या कड्यात शिरून बसतं आणि परतीची वाट बंद होते. अशी सरकासरकी छोट्या रेणूंमध्ये वेल्समधल्या बँगरचे प्राध्यापक केनेडी ऑर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अभ्यासली होती. पाणी शुद्ध करणारं मेंब्रेन तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं! दुरुस्तीची वेळ कुठे संपते ते या जुन्या रसायनशास्त्रामुळे कळतं.

वेळ टळली असेल तर जुना उपाय म्हणजे टॅनिक आम्ल. कातडं कमावताना जे टॅनिन वापरतात, त्याच कुळातलं हे रसायन. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणाऱ्या हिरड्यातही या कुळातली टॅनिनं भरपूर असतात. कातड्यातल्या प्रथिनांत अमाइड बंध असतात, मेंब्रेनमध्येही असतात, म्हणून टॅनिन दोन्हीकडे धरून राहतं. विरळ द्रावण कमी दाबानं सोडायचं. गळक्या जागेतून पाणी जास्त जातं, म्हणून टॅनिनचे रेणूही तिथेच जास्त पोचतात आणि अडकतात. छिद्र कुठे आहे हे शोधावंच लागत नाही. या लेपानं प्रवाह थोडा घटतो आणि अल्कलीच्या धुलाईत लेप उतरतो, म्हणून तो पुन्हा द्यावा लागतो.

दुरुस्ती म्हणजे दुय्यम काम, असं मानणाऱ्यांनी आरओ तंत्राचाच जन्म पाहावा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी बाजारातला सच्छिद्र सेल्युलोज अॅसिटेटचा पापुद्रा घेतला. मीठ रोखण्याइतका तो घट्ट नव्हता. त्यांनी तो पाण्याखाली तापवून छिद्रं आवळली. एका प्रयोगात मीठ अडलं, दुसऱ्यात अडलं नाही. कारण सापडलं तेव्हा कळलं की पापुद्र्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एकच बाजू दाट आहे आणि तीच मिठाच्या पाण्याकडे हवी. त्यातूनच त्यांनी मुद्दाम विषम थराचं मेंब्रेन बनवलं आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला आरओचं पाणी मिळालं. सौरीराजन यांचं नाव मराठी शाळेतल्या मुलांनाही माहीत असायला हवं.

‘क्लोरीनला दाद न देणारं मेंब्रेन’ अशा बातम्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. २००८ मध्ये बेनी फ्रीमन, जेम्स मॅकग्रा आणि सहकाऱ्यांनी असं एक उत्तम बहुवारिक जाहीर केलं, तरी खाऱ्या पाण्याच्या प्रकल्पांत आजही पॉलिअमाइडचंच राज्य आहे. प्रयोगशाळेतला तुकडा तळहाताएवढा, तर प्रकल्पातल्या आठ इंची नळकांड्यात सुमारे ३७ चौरस मीटर मेंब्रेन गुंडाळलेलं असतं आणि त्याला वर्षानुवर्षं दाब सोसायचा असतो.

मला जास्त आशा वाटते ती जुन्याच मेंब्रेनवर चाललेल्या कामाची. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत मेंब्रेनला मोजून-मापून हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचंच एक रूप, दिलं गेलं आणि मग त्यावर कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानचा थर चढवला गेला. त्यानं प्रवाह वाढला. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस इथले संशोधक निकामी मेंब्रेनवरचा पॉलिअमाइड तीव्र हायपोक्लोराइटनं पूर्ण काढून टाकतात. उरतो तो सच्छिद्र आधार. त्यातून मीठ आरपार जातं, पण जिवाणू अडतात. अशी नळकांडी नव्या आरओच्या आधी गाळणी म्हणून लावता येतात आणि नव्या मेंब्रेनवर बुळबुळीत थर धरण्याचा वेग कमी होतो.