टल्सा : दंगल नव्हे, हत्याकांड

टल्सा हे अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील, आर्कान्सा नदीकाठचे शहर. लोकसंख्या सुमारे ४ लाख १३ हजार. ही भूमी मस्कोगी आदिवासींची. त्यांनाही १८३० च्या दशकात आपल्या मूळ प्रदेशातून हुसकावून इकडे आणलेले. १९०५ मध्ये जवळच मोठा तेलसाठा सापडला आणि टल्सा ‘जगाची तेल राजधानी’ म्हणून मिरवू लागले.

आम्हाला मात्र सांगायचे आहे ते रेल्वे रुळांच्या उत्तरेकडील ग्रीनवूड या वस्तीबद्दल. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले, तेव्हा विधिमंडळाने केलेला पहिलाच कायदा कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे वेगळे करणारा होता. (राज्याची सुरुवातच अशी!) गोऱ्यांच्या बाजारात मज्जाव, म्हणून त्यांच्याच घरी राबून मिळालेली मजुरी ग्रीनवूडमध्ये खर्च व्हायची. त्या पैशावर दुकाने, हॉटेले, ड्रीमलँड थिएटर, वृत्तपत्रे, डॉक्टर-वकिलांची कार्यालये उभी राहिली.

३१ मे १९२१ रोजी एका कृष्णवर्णीय तरुणावर गोऱ्या मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाल्यावरून न्यायालयाबाहेर गोरा जमाव जमला. आरोप पुढे मागे घेतला गेला. पण १ जूनच्या दुपारपर्यंत ग्रीनवूडचे सुमारे ३५ चौक बेचिराख झाले होते, हजाराहून अधिक घरे जळाली होती. नोंद ३६ मृत्यूंची. अभ्यासकांचा अंदाज ३०० पर्यंत जातो.

शासनदरबारी याला ‘दंगल’ म्हटले गेले. हा शब्द साधा नाही. विम्याच्या करारात दंगलीतील नुकसान वगळलेले असे. त्यामुळे कंपन्यांनी दावे फेटाळले. वर शहराने नियम केला की, नवे बांधकाम अग्निरोधक साहित्याचेच हवे. हे परवडणार कुणाला? बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलांनी तंबूत कार्यालय थाटून तो नियम न्यायालयात हाणून पाडला. लोकांनी वस्ती पुन्हा उभारली. पुढे तिच्या छातीवरून महामार्ग गेला.

१९९७ मध्ये नेमलेल्या राज्य आयोगाच्या नावातही ‘दंगल’च होती. त्या आयोगाने २००१ मध्ये नुकसानभरपाईची शिफारस केली. जून २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा दावा फेटाळला, तेव्हा दावा करणाऱ्यांपैकी दोन महिला हयात होत्या. दोघीही वयाची शंभरी ओलांडलेल्या.