अंगणातली हवामान-पेटी

मैत्रिणींनो, भेंडवळची घटमांडणी आपण ऐकतोच, पण आपल्या वावरात किती पडला ते कोण सांगणार? त्यासाठी घरची पेटी. तिचा उष्णतेचा सेन्सर गेला तर डीएचटी ११ नको, तो ५० अंशांपर्यंतच मोजतो. डीएचटी २२ घ्या. वीज, डेटा, ग्राउंड अशा तीन वायरी, वीज आणि डेटाच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. पेटी पांढरी, हवेशीर हवी.

खरी काळजी पर्जन्यमापकाची! सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर पेरा म्हणतात. आकडा फुगला तर घाईची पेरणी, मग दुबार, आणि बियाण्यासाठी मोडते ती आपलीच पोत. म्हणून मापकाचं तोंड १०० चौरस सेंटिमीटर असेल तर औषधाच्या मापाने १०० मिली पाणी हळूहळू ओता. १० मिलिमीटर दिसायला हवं. कमी दिसलं तर नवा आणण्याआधी आतलं कोळ्याचं जाळं काढून बघा.