धूर दिसतो, पोत्यातला वायू दिसत नाही



गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही काही मंडळी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर करीत हेदवीला दशभुज गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. एप्रिलचे अखेरचे दिवस. दर्शन झाले, समुद्रकाठची बामणघळ पाहिली आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या वाडीमागे धूर दिसला. भाताच्या रोपांसाठी राब भाजणे चालले होते. कोकणातली ही जुनी रीत. झाडांचा टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवायचे. तणाचे बी मरते आणि राखेवर रोप जोमाने येते. आमच्यातले एक सभासद सहज बोलून गेले, "एवढा धूर करता, यानं हवा तापते म्हणतात ना?" घरमालक आजोबा हसले. "अहो पाहुणे, आमची एकराला चार गुंठे भाजावळ. तुमच्याकडे पाचट किती एकर जळतं?"

उत्तर कोणी दिले नाही. परत आल्यावर मात्र आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे हाती आले ते येथे देत आहोत.

हवा तापवणारे वायू शेतीतून मुख्यतः तीन. पहिला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड. दुसरा मिथेन, जो आपल्या गोबर गॅसच्या शेगडीत जळतो. तो जनावरांच्या रवंथातून आणि पाणी तुंबलेल्या भातखाचरातून निघतो. वजनाला वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट तापवतो. तिसरा नायट्रस ऑक्साईड. हा नत्र खतातून निघतो, त्याला रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही, आणि तो सुमारे २७० पट तापवतो. हवेच्या दर शंभर कोटी भागांत याचे पूर्वी २७० भाग असत. आता ३३५ च्या वर गेले आहेत. या वाढीत मोठा वाटा खताचा आणि शेणामुताचा आहे.

आपल्या देशाचा हिशेब भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अहवालांत आहे. १९९४ साली देशातून निघणाऱ्या एकूण वायूंत शेतीचा वाटा शेकडा २८ होता. २०२० साली तो शेकडा १४ च्या आत आला. हे वाचून छाती फुगवण्याचे कारण नाही. वाटा घटला तो दगडी कोळसा आणि तेल वाढले म्हणून. शेतीचा स्वतःचा आकडा १९९४ साली सुमारे ३४ कोटी टन होता, तो २०२० साली ४० कोटी टनांच्या आसपास गेला. त्यातही २०१६ च्या अहवालात निम्म्याहून अधिक भाग जनावरांच्या रवंथाचा, भाताचा सुमारे साडेसतरा टक्के, रानात पडणाऱ्या खतांचा एकोणीस टक्के. आणि पिकांचे अवशेष जाळण्याचा? जेमतेम दोन टक्के.

म्हणजे पाचट जाळायला हरकत नाही, असे कोणी म्हणेल. तिथेच गोम आहे.

पाचट जळताना जो कर्बवायू निघतो तो हिशेबात धरत नाहीत, कारण उसाने तो हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचा ऊस परत घेतो. धरतात तो अर्धवट जळण्यातून निघणारा मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साईड. एकरी चार टन पाचट धरले तर हा बोजा सुमारे ३०० किलो कर्बवायूइतका होतो.

आता युरियाचे पोते घ्या. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र. जगभर असे धरतात की रानात टाकलेल्या नत्राचा शंभरातला एक भाग नायट्रस ऑक्साईडच्या रूपाने उडतो. त्याने एका पोत्यामागे सव्वातीनशे ग्रॅम वायू होतो. २७० ने गुणले तर ८८ किलो. शिवाय युरिया जमिनीत फुटताना स्वतःतला कर्बवायू सोडतो, तो ३३ किलो. मिळून १२० किलोचा मामला, खत तयार करायला लागलेले इंधन वेगळेच. आडसालीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, एकरी १६० किलो. सगळे युरियातून दिले तर पावणेआठ पोती, म्हणजे ९०० किलोच्या वर. पाचटाच्या धुराच्या तिप्पट! आणि शिफारशीवर थांबणारे किती, हे ज्याचे त्याने आठवावे. तुंबलेल्या सरीत तर हा वायू आणखी जोरात निघतो.

पाचट आणि पोते यांचा संबंध इथे लागतो. पाचटात शेकडा अर्धा भाग नत्र असते. चार टनांत वीस किलो, जवळजवळ एक पोते युरिया. काडी लावली की यातले बहुतेक नत्र धुराबरोबर जाते आणि ते भरून काढायला आपण दुकानात जातो. दोन्हीकडून तोटा. राखेत पालाश उरते, पण तीही वाऱ्याने उडते.

भाताचे थोडक्यात सांगतो. खाचरातले पाणी मधून मधून काढून पुन्हा भरले तर मिथेन सुमारे निम्म्यावर येतो. हेदवीकडच्या उतारावरच्या खाचरांत पाणी तसेही फार टिकत नाही. शिवाय १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली, तेव्हापासून कोकणात कितीतरी वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. झाडे वाढतात तोवर ती हवेतला कर्ब धरतात. देशातली जंगले आणि जमीन मिळून २०२० साली ५२ कोटी टन कर्बवायू शोषला गेला, असे तोच अहवाल सांगतो. आपल्याकडे बांधावरची झाडे सावली पडते म्हणून गेली. आजोबांपुढे हा विषय आम्ही काढला नाही.

पाचट ठेवायचे तर नुसते पडू देऊन भागत नाही. बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. हा युरिया वाया जात नाही, पाचट कुजल्यावर पिकाला मिळतो. पुढचे खत मात्र पाचटावर फेकू नये, ते उडून जाते. पहारीने भोक घेऊन बुडख्याजवळ मातीत द्यावे. मजूर जास्त लागतो, हे खरे आहे.

हेदवीला राब पाहून ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या सभासदांनी यंदा दोन एकर खोडव्यात पाचट राखले आहे. उंदीर होतील म्हणून त्यांच्या घरी अजून कुरकुर चालू आहे. शेजारच्या तीन एकरांत नेहमीप्रमाणे काडी लागली. दोन्हींची तोड झाल्यावर वजनाच्या पावत्या शेजारी ठेवून पाहणार आहोत.